'थँक्स' म्हणणं उद्धटपणाचं आहे का?

'थँक्स हे मोबाइलच्या काळातलं तोडकं इंग्रजी आहे, सभ्य माणसं थँक यूच म्हणतात', असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात तथ्य नाही.

मुळात 'थँक यू' हेच तोडकं आहे. पूर्ण वाक्य 'आय थँक यू', त्यातला 'आय' गळाला. तिथे 'थँक' क्रियापद आहे, तर 'थँक्स' हे 'आभार' या अर्थाचं अनेकवचनी नाम. म्हणून तर 'मेनी थँक्स' चालतं, 'मेनी थँक यू' चालत नाही. कोणताही चांगला शब्दकोश उघडा, दोन्ही नोंदी वेगळ्या दिसतील.

आणि मोबाइलचं म्हणाल, तर शेक्सपिअरचं सुमारे १६०० सालचं 'हॅम्लेट' हे नाटक काढा. पहिल्याच प्रवेशात कडाक्याच्या थंडीत पहारा देणाऱ्या शिपायाला दुसरा येऊन मोकळा करतो, तेव्हा तो म्हणतो, 'फॉर धिस रिलीफ मच थँक्स'. मला हे फार आवडतं. नेमकं कशाबद्दल आभार, तेही त्याने सांगितलंय.

औपचारिक पत्रात 'थँक यू' जास्त शोभतं, हे खरं. पण कुणी आपल्यासाठी दार धरून ठेवलं, तर 'थँक्स फॉर होल्डिंग द डोअर' बिनधास्त म्हणा. फक्त 'थँक्स यू' तेवढं टाळा.