बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस उरले

दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या गणिताच्या वह्या चाळल्या तर ५२ − २७ चं उत्तर ३५ असं लिहिलेलं हमखास सापडतं. त्यावर लाल फुली असते, कधी 'लक्ष देऊन सोडव' असा शेराही असतो. पण मूल लक्ष देऊनच सोडवत असतं. त्याच वहीत पुढे ६४ − ३८ चं उत्तर ३४ आणि ७१ − ४३ चं ३२ दिसलं, तर हा धांदरटपणा नव्हे हे उघड आहे. धांदरटपणा इतक्या शिस्तीत चालत नाही. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. वरचा कोणता आणि खालचा कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हा नियम त्याला बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. पहिलीत आपण सांगतो, 'लहानातून मोठं जात नाही, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.' शिवाय बेरजेत २ आणि ७ कोणत्याही क्रमाने घेतले तरी ९ च येतात, ही सवय अंगवळणी पडलेली असते. मग एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ दिसले की सातातून दोन वजा करणं हे मुलाच्या दृष्टीने शिकवल्याप्रमाणेच झालं.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली अशा चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये असतो तसा 'बग' मुलाच्या रीतीतही असतो, अशी त्यांची मांडणी होती. मूल आपली रीत इमानाने पाळतं, त्या रीतीतली एखादी पायरी तेवढी चुकीची असते. ती पायरी सापडली की हे मूल पुढच्या गणिताचं कोणतं चुकीचं उत्तर लिहील, हेही बऱ्याचदा आधी सांगता येतं. शिक्षकांना चुका ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांनी 'बगी' नावाचा संगणकावरचा खेळही तयार केला होता.

आता ५२ − २७ = ३५ कडे पुन्हा बघू. शेजारच्या बाकावरच्या मुलीनेही ३५ च लिहिलंय. तिला विचारलं, "कसं केलंस, सांग बरं?" तर ती म्हणते, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेतला. बारातून सात गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन." तिला हातचा घ्यायचा हे ठाऊक आहे. दशकातला एक कमी करायचा तेवढा राहिलाय. पहिल्या मुलाला हातच्याची गरजच जाणवलेली नाही. दोघांचं उत्तर एक, फुली एक, पण अडचण अगदी निराळी, आणि उपायही निराळा.

योगायोग इथे ५ मुळे होतो. २ आणि ७ यांच्यात फरक पाचाचा, आणि बारातून सात गेले तरी उरतात पाचच. जिथे जिथे एककांमधला फरक ५ असेल तिथे या दोन चुका एकच उत्तर देतात. ६४ − ३८ घेतलं की त्या लगेच वेगळ्या होतात: मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं उत्तर ३४ येतं, हातचा घेऊन दशक कमी न करणारीचं ३६. (बरोबर उत्तर २६.) फळ्यावर उदाहरणं लिहिताना एवढं पाहिलं तरी वहीतून खूप काही कळतं. पाच-सहा उदाहरणांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचणं हे मला नुसते गुण देण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक अवघड कल्पना आहे. ५२ मधला ५ हा एकाच वेळी 'पाच' आहे आणि 'पन्नास'ही आहे. एक दशक म्हणजे एकच वस्तू, आणि तेच दशक म्हणजे दहा सुट्या वस्तू. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण सात वर्षांच्या मुलाला हे पचवायला वेळ लागतो. त्यात मराठीत 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर, आणि लिहायचे मात्र पाच आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी जोड वाचनपद्धत दिली, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत पोचला. मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. बावन्न, त्रेपन्न ही आपली नावं जायला नकोतच, पण शिकताना 'बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन' असं सोबत म्हणायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

हातच्याआधी हातात काड्या हव्यात. दहा-दहांचे पाच गठ्ठे रबराने बांधलेले आणि दोन सुट्या. 'यातल्या सत्तावीस मला दे' म्हटलं की मुलं सहसा आधी दोन गठ्ठे उचलून देतात. मग सात सुट्या द्यायची वेळ येते, जवळ दोनच असतात. मूल थोडं थांबतं आणि गठ्ठ्याचं रबर काढतं. रबर काढायला कुणी सांगावं लागत नाही. आता बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच राहिल्या, आणि गठ्ठे राहिले दोन. पंचवीस. इथे मोठ्यातून लहान वजा करण्याची चूक होऊच शकत नाही, कारण दिलेल्या काड्या समोर दिसतात.

फक्त काड्या एका तासाला आणि वही दुसऱ्या तासाला, असं झालं की दोन्हींचा संबंध तुटतो. गठ्ठा सुटला त्याच क्षणी वहीत ५ वर काट मारून ४ लिहायचे आणि एककाच्या घरात १२. विल्यम ब्राउनेल आणि हॅरोल्ड मोझर यांनी अमेरिकेत तिसरीच्या सुमारे १४०० मुलांवर केलेला अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला. दशक सोडवून वजाबाकी करण्याची रीत अर्थासकट शिकलेल्या मुलांना ती नव्या उदाहरणांतही चांगली वापरता आली. तीच रीत नुसती घोकून शिकवली तर तिचा फायदा टिकत नव्हता.

आपल्याकडची गरज किती मोठी आहे ते 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतून दिसतं. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होतं. सुधारणा आहे, पण अजून तिघांतल्या दोघांना ती येत नाही.

दोन अंकांत जमलेलं पुढे ३०२ − १४८ ला पुन्हा अडतं. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारी मागायला जावं तर तिथे शून्य. कुणीतरी सांगितलेलं आठवतं की शून्याचे नऊ होतात, म्हणून मूल नऊ लिहितं आणि शतकातले तीन तसेच ठेवून २५४ उत्तर काढतं. इथे शंभराचा मोठा गठ्ठा समोर आणावा. तो सोडला की दहाचे दहा गठ्ठे निघतात. त्यातला एक सोडून सुट्यांत मिसळला की बारा सुट्या होतात, आणि दहाचे गठ्ठे उरतात नऊ. शतकं उरली दोन. मग शून्यावरचे नऊ कुठून आले, हे मूलच आपल्याला सांगतं.