लहान मुलांना घेऊन ताडोबाला येताय?

"सकाळची आणि दुपारची, दोन्ही सफारी एकाच दिवशी टाका." पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरांतून येणारा फोन बहुतेक वेळा असाच सुरू होतो. आम्ही नको म्हणतो, मग समजावण्यात अर्धा तास जातो. म्हणून हे लिहून देतोय.

सकाळच्या फेरीसाठी मुलाला अंधारातच उठवावं लागतं. मग उघड्या जिप्सीत जवळजवळ चार तास, कच्च्या रस्त्याचे हादरे आणि धूळ. परत येऊन आंघोळ-जेवण उरकतंय तोच दुपारच्या फेरीची वेळ होते, आणि पोर नेमकं तेव्हाच झोपेला आलेलं असतं. रडायला लागलं की मोबाईलवर कार्टून लावू, असं पालक म्हणतात. पण कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाईल नेता येत नाही. ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून खालीही उतरता येत नाही. मग आयत्या वेळी "दुपारची रद्द करा" असा निरोप येतो. परमिट त्या तारखेचं, त्या फेरीचं, त्या गेटचं आणि त्यावरच्या नावांचंच असतं. ते उद्या चालत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. शुल्क वनखात्याकडे गेलेलं असतं, ते परत मिळवून देणं आमच्या हातात नाही.

आमची पद्धत अशी: मुक्काम दोन रात्रींचा, आणि एका दिवशी एकच सफारी. पहिल्या दिवशी फक्त या आणि झोपा. नागपूरहून चंद्रपूरच दीडशे किलोमीटर आहे, त्यापुढे जंगलाचा रस्ता. मोठी माणसंही दमतात. दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी, तिसऱ्या दिवशी सकाळची. उन्हाळ्यात मात्र दोन्ही सकाळच्याच. एक रात्र जास्त विकायला आम्ही हे सांगतो असं काहींना वाटतं. पण दमलेलं मूल घेऊन परतलेलं कुटुंब पुन्हा येत नाही, हे आम्ही पाहिलंय. निवांत आलेली मुलं पुढच्या वर्षी आईबाबांना ओढून आणतात.

मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर सहज दिसतो, हे खरं. पण तेव्हा चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. तान्ह्या किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. पहाटे बोचरी थंडी असते. जाड ब्लँकेटं आमच्याकडून मिळतील, कानटोपी तेवढी तुम्ही आणा. मंगळवारी उद्यान बंद असतं, आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद.

आणखी एक विनंती. घरून निघताना मुलांना "वाघ बघायला चाललोय" एवढंच सांगू नका. वाघाची हमी आम्ही कुणालाच देत नाही. ताडोबा तलावात मगरी आहेत, रस्त्याकडेला गवे येतात, बांबूत पसरलेली कोळ्यांची मोठाली जाळी असतात. पांढऱ्याफटक खोडाचं कडईचं झाड, ज्याला भुताचं झाड म्हणतात, ते मुलांना फार आवडतं. मोहर्ली गेटच्या वाटेवर गोंड राजांच्या काळचे उंच दगडी खांब आहेत. ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव आलं त्या तारूची गोष्टही सांगा: वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि तलावाकाठी त्याचं ठाणं झालं, असं इथले लोक सांगतात.

वाघाची चाहूल लागून वानर खाकरलं, चितळ ओरडलं की गाडी थांबते आणि दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. याची तयारी आम्ही आदल्या संध्याकाळी अंगणात करून घेतो. मुलांना हे आवाज आणि मातीतले ठसे ओळखायला शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तयारी झालेलं चार वर्षांचं मूलही कान टवकारून शांत बसतं.

सर्वांची मूळ ओळखपत्रं सोबत असू द्या, बुकिंगमध्ये मुलाचं घरचं लाडाचं नाव देऊ नका. आणि फोन कराल तेव्हा तारखेआधी मुलाचं वय सांगा. गेट, फेरी आणि महिना आम्ही त्यावरून सुचवतो.