एक ओळ बदलायची तर

एखादा प्रोग्रॅम अगदी हवा तसा चालतो, फक्त एका जागी अडतो. कुणीतरी कोडमध्येच पक्की करून ठेवलेली मर्यादा आपल्याला कमी पडते. बंद सॉफ्टवेअर असेल, तर विषय इथेच संपतो. डेबियन या लिनक्स कुळातल्या कार्यप्रणालीसारख्या मुक्तस्रोत प्रणालीत मात्र तो इथे सुरू होतो.

मुक्तस्रोत म्हणजे सोर्स कोड, म्हणजेच प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, वाचायला मिळणं, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ती निम्मीच गोष्ट झाली. शेकडो फायली हातात आल्या, तरी त्या कोणते पर्याय देऊन, कोणत्या लायब्ररींशी (तयार कोडच्या संग्रहांशी) जोडून कंपाइल करायच्या, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायच्या, हे ठाऊक नसेल, तर त्यांचा उपयोग काय? म्हणूनच जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या 1991 मधल्या दुसऱ्या आवृत्तीने कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही ‘सोर्स कोड’मध्येच धरल्या.

डेबियनमध्ये प्रोग्रॅम ‘पॅकेज’ म्हणून, इन्स्टॉल करण्याजोगा गठ्ठा बांधून, मिळतात. तो ज्यापासून बांधला जातो त्या सोर्स पॅकेजमध्ये मूळ लेखकांचा कोड जसाच्या तसा असतो आणि त्याच्या शेजारी ‘डेबियन’ नावाचं एक फोल्डर. पाककृती असते ती या फोल्डरमध्ये. ‘कंट्रोल’ फायलीत पॅकेज बांधायला काय काय लागेल याची यादी, ‘रूल्स’मध्ये ते कसं बांधायचं ते, ‘चेंजलॉग’मध्ये कुणी कधी काय बदललं त्याची नोंद. मूळ कोडमधले फेरफार, म्हणजे पॅच, ‘पॅचेस’मध्ये वेगळे ठेवलेले असतात, काय उपरं आहे ते लगेच दिसतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

प्रत्यक्ष काम थोडक्यात होतं. ‘ॲप्ट सोर्स’ ही आज्ञा सोर्स पॅकेज उतरवून घेते, ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ लागणारी साधनं बसवते. मग आपली ओळ बदलायची, चेंजलॉगमध्ये नोंद करायची आणि ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’ चालवायचं. थोड्या वेळात इन्स्टॉल करण्याजोगी डेब फाइल तयार.

खरा धोका पुढे, आवृत्तीच्या क्रमांकात आहे. आपलं पॅकेज ओळखू यावं म्हणून ‘2.4-1’सारख्या क्रमांकाला बरेच जण ‘+लोकल1’ असं शेपूट जोडतात. ‘डेबियन 12’ या स्थिर आवृत्तीतल्या सुरक्षा दुरुस्तीला बहुधा ‘+डेब12यू1’ असं शेपूट असतं. क्रमांकांची तुलना करताना अक्षरांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लागतो. त्यात ‘लोकल’मधला ‘एल’ हा ‘डेब’मधल्या ‘डी’नंतर येतो, म्हणून प्रणालीला आपलंच पॅकेज अधिक नवं वाटतं. सुरक्षेची दुरुस्ती येते, पण बसत नाही आणि कसली सूचनाही मिळत नाही. स्वतः बांधलेल्या पॅकेजच्या सुरक्षेवर आपणच लक्ष ठेवायला हवं, ते यासाठी.

छोटा बदल किती महाग पडू शकतो, हे डेबियनने स्वतः अनुभवलं आहे. 2006 मध्ये ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीच्या पॅकेजमधून काही ओळी काढल्या गेल्या. मेमरी तपासणारं एक साधन त्यांच्याबद्दल इशारे देत होतं, त्यामुळे हेतू चांगलाच होता. पण त्यांतल्याच एका ओळीतून गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता, म्हणजे कुणाला अंदाज करता येणार नाही अशी माहिती, आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमला प्रणाली देते तो, क्रमांक, म्हणजे जेमतेम 32,768 शक्यता. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही एकेक करून ताडून पाहू शकतो. मे 2008 मध्ये डेबियनचे डेव्हलपर लुसियानो बेलो यांच्या लक्षात आलेला हा दोष जाहीर झाला, तोवर जवळपास दोन वर्षं उलटली होती. या काळात डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या प्रणालींवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बाद करून नव्याने कराव्या लागल्या.

पॅचच्या माथ्यावर तो कशासाठी आहे आणि मूळ लेखकांकडे पाठवला आहे का, हे लिहिण्याची सोय आहे. ती मी कधीच रिकामी सोडत नाही. ज्यांनी ती ओळ मुळात लिहिली, त्यांनाच ती तिथे का आहे हे सर्वांत चांगलं ठाऊक असतं. बदल त्यांना पटला, तर पुढच्या आवृत्तीत तो मूळ कोडमध्येच येतो. मग पॅकेज पुन्हा बांधताना आपला पॅच लागत नाही. तो खुशाल काढून टाकायचा.