वाईचा मासा, लिंबची पिंड आणि सांगलीचा पूल

सार्वजनिक वास्तूंमधील प्रतीकांविषयी लिहिताना कळस, कमळ, घुमट यांचे ठरावीक अर्थ सांगण्याची प्रथा आहे. सातारा-सांगली भागातील काही बांधकामे पाहिली, तर मात्र आकाराचा अर्थ आणि त्या आकाराने करायचे काम एकमेकांपासून वेगळे काढणे अवघड जाते.

वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. ऐन कृष्णाकाठी असलेल्या या मंदिराची मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे आणि पुराचे पाणी तिच्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. वाहते पाणी अडवले असता पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने आलेले पाणी जेथे पूर्ण अडते, तेथे केवळ त्याच्या वेगामुळे दर चौरस मीटरवर सुमारे ४५० किलो वजनाइतका भार येतो. तिरप्या पृष्ठावर पाणी थांबण्याऐवजी वळते, त्यामुळे हा पूर्ण भार टोकाजवळच्या अरुंद पट्ट्यापुरता उरतो, आणि वाहून आलेले ओंडकेही अडकून न राहता बाजूला सरतात. काटेकोरपणे पाहिले तर माशाला पाण्याचा विरोध कमी होतो तो तोंडापेक्षा निमुळत्या शेपटीमुळे अधिक, तेव्हा हे साम्य फार ताणू नये. तरीही पुराणातला मत्स्यावतार मनूची नौका प्रलयातून तारून नेतो, हे ठाऊक असलेल्या भाविकाला पुरासमोर उभ्या राहिलेल्या या भिंतीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेल्या बारा मोटांच्या विहिरीचेही असेच आहे. अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला पायऱ्यांचा भाग मिळून वरून शिवपिंडीचा आकार दिसतो. खोल विहिरीच्या भिंतीवर सभोवतालची माती आणि तिच्यातील पाणी आतल्या बाजूस सतत रेटा देत असतात. लांब सपाट भिंत अशा रेट्याने मध्यभागी आत वाकू पाहते आणि तिच्या आतल्या अंगाला ताण बसतो. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताणाला कच्चा असतो. गोल किंवा अष्टकोनी कड्यात तोच रेटा एका दगडाकडून शेजारच्या दगडाकडे मुख्यतः दाबाच्या रूपाने जातो, म्हणजे आडवी पाडलेली कमानच ती. शिवाय अष्टकोनाच्या बाजू सरळ असल्यामुळे प्रत्येक दगडाला गोलाई देण्याची गरज राहत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात निराळा प्रकार आढळतो. ब्रिटिश काळात व्हाइसरॉयसाठी ही वास्तू उभारणारे वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी तेथील घुमटाभोवती सांचीच्या स्तूपाच्या कठड्यासारखी नक्षी योजली. घुमट तोलण्याशी तिचा संबंध नाही. परक्या सत्तेला या भूमीतली वाटावी अशी मुद्रा हवी होती, ती तिने दिली. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी त्याच घुमटाखालच्या दरबार हॉलमध्ये झाला. वास्तू तीच राहिली आणि तिचा अर्थ मात्र उलटला.

त्या वास्तूत राहायला गेलेले पहिले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन होते, आणि सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये संस्थानी काळात झालेला पूल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे नाव ठेवण्यामागे साम्राज्याविषयीची निष्ठा दिसते. आज सांगलीकर ‘आयर्विन’ म्हणतो तेव्हा त्याला व्हाइसरॉय आठवत नाही, आणि पुष्कळदा पूलही नाही. पावसाळ्यात तो विचारत असतो ती पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी. येथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि गावभागातले सामान वरच्या मजल्यावर कधी हलवायचे याचा निर्णय त्या आकड्यांवर होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनने ५७ फुटांहून अधिक पातळी दाखवली होती.