शिधा, पार्सल की किट? खान्देशातल्या मोजून आलेल्या भाजीची पार्श्वभूमी

धुळ्यात देवपूरच्या आमच्या भागात गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला एक स्कूटी फिरते. पुढे पाय ठेवायच्या जागेत निळा क्रेट, त्यात खाकी कागदी पिशव्या. एका पिशवीत दोन माणसांच्या रात्रीच्या भाजीचं सगळं असतं: निवडलेलं, चिरलेलं, मोजलेलं. शिजवायचं मात्र आपण. सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. आम्ही दोघंही नोकरी करणारे, म्हणून सहा आठवडे घेऊन पाहिलं. अशा पिशव्या आता खान्देशातल्या शहरांत हळूहळू दिसू लागल्या आहेत आणि त्यांना म्हणायचं काय, यावरच जास्त गोंधळ आहे. त्यामुळे या गोष्टीची मागची हकिगत नीट लिहून ठेवावी असं वाटलं.

परदेशातली हकिगत थोडक्यात अशी. ही पद्धत व्यवसाय म्हणून स्वीडनमध्ये २००७-०८ च्या सुमाराला उभी राहिली. २०११ मध्ये बर्लिनमध्ये आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठ्या कंपन्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कची कंपनी जून २०१७ मध्ये १० डॉलरला एक शेअर या भावाने बाजारात उतरली, तेव्हा तिची किंमत १.९ अब्ज डॉलरच्या घरात होती. २०२३ मध्ये ती सुमारे १०.३ कोटी डॉलरला विकली गेली. पहिल्या खोक्यावर मोठी सूट द्यायची, सूट संपली की गिऱ्हाईक निघून जायचं, हे तिचं मुख्य दुखणं होतं. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बंगळुरूत २०१४ नंतर काही नवउद्योगांनी हाच प्रयोग केला, आणि त्यातले बरेच टिकले नाहीत. शहरात दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येऊ लागल्यावर मोजून दिलेल्या कोथिंबिरीचे जास्त पैसे कोण देणार?

खान्देशात मात्र अर्धं तयार जेवण विकत आणायची सवय या सगळ्याच्या कितीतरी आधीची आहे. माझ्या लहानपणापासूनचं उदाहरण म्हणजे शेवभाजीचं पार्सल. हायवेवरच्या ढाब्यावरून वडील ते आणायचे. रस्सा एका पिशवीत, तोंडाला रबर घट्ट गुंडाळलेलं, वर लाल तर्रीचा बोटभर थर. शेव वेगळ्या पुडीत, कांदा-लिंबू आणखी वेगळं. घरी आल्यावर आई रस्सा कढईत ओतून एक उकळी आणायची, आणि सगळे ताटावर बसले की मगच मूठमूठ शेव सोडायची. आधी टाकली तर शेव फुगून लगदा होतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटची पायरी जेवणाऱ्याच्या हातात ठेवणं, हेच तर या नव्या पिशव्यांचं तत्त्व आहे.

भरताचंही तसंच. जळगावकडे चंपाषष्ठीच्या आसपास ठिकठिकाणी भरताच्या भट्ट्या लागतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांवर भाजलेली, सोललेली, लाकडी भांड्यात ठेचलेली वांगी किलोवर मिळतात. फोडणी घरी द्यायची. दाणे, कांद्याची पात, मिरची-लसूण आपल्या हाताने. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण असोदा-बामणोदच्या वांग्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधी घरोघरी झालेलं होतं. फ्लॅटमध्ये गॅसवर भाजलेल्या वांग्याला पऱ्हाटीचा धूर लागत नाही, म्हणून भाजण्याचं काम बाहेर गेलं आणि फोडणी घरात राहिली. यात कुणाला कमीपणा वाटला नाही. भाजीवाली पातवड्यांचा रस्सा करून विकू लागली, पोळीभाजी केंद्रांतून नुसत्या पोळ्या येऊ लागल्या, तेव्हाही कुणी काही बोललं नाही.

मग रोजच्या रात्रीची भाजी अशी मोजून मिळायला इतका उशीर का झाला? एक कारण वीज. राज्यात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाने खाल्ली; आठ-आठ तास लाइट नसायची. फ्रीज भरवशाचा नसेल तर चिरलेली भाजी आणि ओलं वाटण कुणी ठेवावं? दुसरं कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा मेथीची जुडी तासाभरात माना टाकते. बाहेरच्या एका मोठ्या शहरातली सेवा मध्यंतरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पेट्या पाठवायची. आम्ही एकदाच मागवली. कोथिंबीर काळी पडलेली, पनीर आंबलेलं, आणि पेटीतल्या चारही भाज्यांत एकही आपली नाही. जवळून, त्याच दिवशी, त्याच गावात चिरलेलं असेल तरच हे इथे जमतं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं कारण शब्दाचं आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

‘किट’ हा शब्द आमच्या घरांत जेवणाच्या संदर्भात शिरला तो मार्च २०२० नंतर. टाळेबंदी लागली आणि गल्लोगल्ली ‘किराणा किट’ वाटली जाऊ लागली: पाच किलो पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, तिखट. महामार्गावरून पायी उत्तरेकडे निघालेले मजूर धुळ्यातूनच जात होते. त्यांच्यासाठी शहरातल्या मंडळांनी रात्रंदिवस किटा भरल्या. मीही भरल्या आहेत. त्या दिवसांत किट म्हणजे ज्याची चूल बंद पडली आहे त्याला दिलेली मदत, हा अर्थ पक्का झाला. पुढे त्याच शब्दाने बचत गटातल्या बायका पिशव्या विकायला आल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, ‘‘आमच्याकडे सगळं आहे बाई, गरजूंना दे.’’ विकणारी बिचारी गोंधळून गेली. हा प्रसंग माझ्यासमोर घडला, आणि असे आणखी दोन-तीन त्यांच्याच तोंडून ऐकले.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे स्वतःचा शब्द आहे की, शिधा. एका जेवणाला पुरेल एवढी कोरडी सामग्री, मोजून, एकत्र बांधून दिलेली: कणीक, डाळ, तांदूळ, गूळ, तूप, मीठ, एखादी भाजी. अर्थ अगदी नेमका. माझ्या आजीच्या हातचा शिधा मला आठवतो. पितृपक्षात सुपात केळीचं पान, पानावर पिठाचा ढीग, ढिगात तुपाची वाटी बसवायला बोटाने केलेला खळगा. माणशी किती पीठ, किती डाळ हे तिला न मोजता कळायचं.

पण हा शब्द वाटतो तितका निर्मळ नाही. शिधा द्यायचा तो दान म्हणून. आणि शिजवलेलं न देता कोरडं का द्यायचं, तर घेणारा देणाऱ्याच्या हातचं खाणार नाही म्हणून. कधी घेणारा स्वतःला वरचा समजायचा, कधी देणारा घेणाऱ्याला पंगतीत बसवायचा नाही. शिवाशिवीचा हा सगळा इतिहास त्या सुपात आहे. शिवाय सरकारी कारभाराने तोच शब्द उचलला: रेशन कार्ड म्हणजे शिधापत्रिका. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल १०० रुपयांत दिलं, त्याचं नाव ‘आनंदाचा शिधा’. सणाला हातभार लागला हे खरं, आमच्या कामवाल्या मावशींनी त्याच रव्याचे लाडू आम्हाला आणून दिले. मात्र त्यानंतर शिधा म्हटलं की रेशन दुकानापुढची रांगच डोळ्यांपुढे येते. कष्टाच्या पैशाने संध्याकाळचा तास विकत घेणाऱ्या बाईला तो शब्द कसा चालावा?

गोंधळ बोलण्यापुरता असता तर सोडून देता आला असता. कायद्यातही तो आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठांवर पाच टक्के जीएसटी लागला. सुटं घेतलं तर शून्य. म्हणजे कळण्याचं पीठ (ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं) गिरणीवरून डब्यात आणलं तर कर नाही, तेच अर्धा किलोच्या लेबलवाल्या पुड्यात आलं तर आहे. ताज्या भाजीवर कर नाही. मसाल्यावर पाच टक्के. लेबलवाल्या शेवेवर आणि तुपावर तेव्हा बारा टक्के होते. आता हे सगळं एका पिशवीत, एका किमतीला विकलं तर? २०१७ च्या कायद्यात दोन वाटा आहेत. वस्तू मुळातच एकमेकींसोबत येणाऱ्या असतील तर त्यातल्या मुख्य वस्तूचा दर सगळ्यांना लागतो. नुसत्या एकत्र बांधलेल्या असतील तर सगळ्यात चढा दर सगळ्यांना. म्हणजे वरण-बट्टीच्या पिशवीत तुपाची एक छोटी पुडी टाकली की तूर डाळ आणि वांगीही बारा टक्क्यांच्या हिशोबात ओढली जायची.

शेव आणि शेवभाजीचा मसाला या मुळातच एकमेकींसोबत येणाऱ्या वस्तू आहेत की नाहीत? खान्देशात कुणालाही विचारा. पण मान्य केलं तरी मुख्य वस्तू कोणती ठरवायची? शेवेशिवाय शेवभाजी होत नाही आणि रश्शाशिवाय ती नुसती शेव राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव आणि तूप दोन्ही पाच टक्क्यांवर आले, त्यामुळे भांडणाची धार बरीच गेली. वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्यांना नोंदणीचीच सक्ती नाही, म्हणून आमच्याकडच्या बायकांना याची झळ बसली नाही. तरी ज्यांना वाढायचं होतं त्यांनी तीन वर्षं शेव आणि तूप पिशवीबाहेर ठेवून वेगळं विकलं. त्या तीन वर्षांत किती जणींचा धंदा मोठा व्हायचा राहिला असेल, ही हळहळ मला वाटते.

सहा आठवड्यांचा अनुभव सांगायचा तर भाजी झकास होत होती. एका मंगळवारी डुबुकवड्यांची, म्हणजे रश्शात सोडायच्या डाळीच्या पिठाच्या वड्यांची, पिशवी आली. कांदा-खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून केलेलं वाटण चमचाभर तेलात सोडलं तेव्हा सासूबाई आतल्या खोलीतून उठून आल्या. घरात अहिराणीच बोलणाऱ्या त्या. रोज संध्याकाळी ‘‘आज काय रांधानं?’’ विचारून थकलेल्या. त्यांनी वाटण चाटून पाहिलं आणि मान हलवली, एवढंच. ते वाटण फ्रीजमध्ये फार तर एक दिवस टिकतं, म्हणूनच पिशवी रोजची रोज यावी लागते आणि म्हणूनच ती दोघांच्या भाजीला १४० रुपये पडते. बाजारातून आणलं तर सत्तर-ऐंशीत भागतं, हेही लिहायला हवं.

भाकरीचं काय, हा प्रश्न मात्र कुणालाच सुटलेला नाही. कळण्याचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला फाटते. म्हणून ते पिशवीत घालता येत नाही. थापलेली भाकरी पाठवावी तर दोन तासांत वातड होते. ज्या दिवशी घरी भाकरी थापायला उशीर व्हायचा त्या दिवशी चिरलेली भाजी असूनही जेवायला साडेनऊ वाजायचेच. चिरणं, मोजणं आणि ठरवणं एवढं वाचलं. त्यातलं ठरवणं वाचलं याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटलं.

नावाचा प्रश्न शेवटी लेबलनेच सोडवायला लावला. बांधलेल्या मालाच्या २०११ च्या नियमांनुसार पुड्यावर वस्तूचं नेहमीचं नाव, वजन, तारीख, किंमत आणि बनवणाऱ्याचा पत्ता लागतो. वजन, तारीख, किंमत सोपं होतं. नावाची जागा रिकामी ठेवता येत नाही. ‘किट’ लिहिलं की लोक दान समजतात, ‘शिधा’ लिहिलं की रेशन, ‘पार्सल’ लिहिलं की शिजवलेलं आहे असं समजून थेट ताट मांडतात. स्कूटीवाल्या ताईंनी पहिल्या महिन्यात तिन्ही लिहून पाहिलं. आता त्यांच्या पिशवीवर ‘शेवभाजीचं साहित्य, दोन माणसांसाठी’ असं छापलेलं असतं, आणि आत हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी, वर मथळा: कृती.