रिअल-टाइम स्कोप आणि सॅम्पलिंग मॉड्यूल: पडदा सारखा, सवयी वेगळ्या

स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. रिअल-टाइम आणि सॅम्पलिंग अशा दोन्ही प्रकारांच्या पडद्यावर तीच चौकटींची जाळी असते, तशीच रंगीत रेघ असते, कडेला व्होल्ट आणि सेकंदांचे आकडे असतात. त्यामुळे रोजच्या डिजिटल स्कोपवर हात बसलेला माणूस सॅम्पलिंग स्कोपसमोर आला की इथे काही वेगळं शिकायचं आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तो केबल लावतो आणि ऑटोसेट (सेटिंग आपोआप लावणारं बटण) दाबतो. बहुतेक वेळा पडद्यावर ठिपक्यांचा धुरळा दिसतो. वाईट दिवस असेल तर त्या एका जोडणीतच मॉड्यूलमधला (यंत्राच्या कप्प्यात बसवायच्या इनपुटच्या भागातला) सॅम्पलर, म्हणजे सिग्नलचा नमुना घेणारा भाग, कायमचा गेलेला असतो. चूक त्याच्या हुशारीची नसते, दुसऱ्या यंत्रावर लागलेल्या सवयीची असते. म्हणून ही दोन यंत्रं शेजारी ठेवून पाहू.

रिअल-टाइम स्कोप, म्हणजे बहुतेक टेबलांवर दिसणारा नेहमीचा डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप), ट्रिगर, म्हणजे 'आता मोज' हा इशारा, आला की एका दमात सगळी लहर पकडतो. त्याचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) न थांबता नमुने घेत असतो आणि ते मेमरीत साठत जातात. सिग्नल आयुष्यात एकदाच आला तरी तो पकडला जातो. याची किंमत वेगात मोजावी लागते: बँडविड्थच्या (यंत्राला नीट दिसणाऱ्या सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या) दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात, व्यवहारात अडीच पटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक. कीसाइटच्या यूएक्सआर मालिकेत ११० गिगाहर्ट्झ बँडविड्थसाठी सेकंदाला २५६ अब्ज नमुने घेतले जातात, तेही १० बिटच्या एडीसीने.

सॅम्पलिंग स्कोप एका ट्रिगरला एका चॅनेलवर एकच नमुना घेतो. पुढच्या ट्रिगरला तो किंचित उशिरा घेतो, त्यापुढच्याला आणखी किंचित उशिरा. असे हजारो ट्रिगर झाले की ठिपके ओळीने लागून लहर उभी राहते. स्ट्रोबच्या प्रकाशात गरगरणारा पंखा संथ फिरताना दिसतो, तसाच हा प्रकार. अट एकच, सिग्नल पुन्हा पुन्हा तसाच यायला हवा आणि ट्रिगर त्याच्याशी बांधलेला हवा.

टेक्ट्रॉनिक्सच्या डीएसए-८३०० चं माहितीपत्रक उघडलं की नमुन्यांचा वेग दिसतो सेकंदाला ३ लाख. स्वस्तातल्या स्कोपनेही हसावं असा आकडा. पण त्याच यंत्रात योग्य मॉड्यूल बसवलं की बँडविड्थ ७० गिगाहर्ट्झपर्यंत जाते आणि एडीसी १६ बिटचा असतो. इथे नमुन्यांच्या वेगाचा बँडविड्थशी काही संबंध नाही. बँडविड्थ ठरते ती सॅम्पलरचं दार किती कमी वेळ उघडं राहतं यावर, आणि तो वेळ पिकोसेकंदांत असतो. दार मिटलं की आत अडकलेला व्होल्टेज मोजायला एडीसीला भरपूर सवड मिळते, म्हणून तो अधिक बिटचा परवडतो. सवड किती? ४,००० ठिपक्यांची एक लहर भरायला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात १० गिगाबिटच्या लिंकवरून १३ कोटींहून जास्त बिट निघून गेलेले असतात.

ही युक्ती जुनी आहे. ह्युलेट-पॅकार्डचा १८५ए हा सॅम्पलिंग स्कोप १९६० चा. नेहमीचे उत्तम स्कोप तेव्हा १०० मेगाहर्ट्झच्या आसपास धापा टाकत होते, आणि हा ५०० मेगाहर्ट्झ दाखवत होता. पुढे टेक्ट्रॉनिक्सच्या एस-४ या सॅम्पलिंग हेडचा राइज टाइम (लहर खालून वर चढायला लागणारा वेळ) २५ पिकोसेकंदांपर्यंत उतरला. ०.३५ भागिले राइज टाइम हा नेहमीचा हिशेब लावला तर ते होतात १४ गिगाहर्ट्झ.

थोडं विषयांतर करून आणखी एक घोळ निस्तरतो. अनेक साध्या डीएसओंच्या मेनूतही 'इक्विव्हॅलंट टाइम' नावाचा पर्याय असतो. तोही अनेक ट्रिगरांतून ठिपके गोळा करतो, पण त्याने तो स्कोप सॅम्पलिंग स्कोप होत नाही. समोरचा ॲटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा भाग), ॲम्प्लिफायर आणि संरक्षण जागच्या जागी असतं. बँडविड्थ तीच राहते, फक्त ठिपके दाट होतात.

संरक्षण का नाही

खरा फरक इथे आहे. रिअल-टाइम स्कोपमध्ये आत आलेला सिग्नल आधी ॲटेन्युएटरमधून, मग संरक्षण देणाऱ्या भागांतून आणि ॲम्प्लिफायरमधून जातो, शेवटी एडीसीकडे. १ मेगाओहमच्या इनपुटवर सिग्नल १० पट लहान करणारा प्रोब लावून शेकडो व्होल्ट पाहता येतात. चुकीची रेंज लागली तर लहर पडद्याबाहेर जाते, एवढंच होतं.

सॅम्पलिंग मॉड्यूलमध्ये कनेक्टरच्या मागे ५० ओहमची लाइन आणि तिच्या टोकाला सॅम्पलरचे इवलेसे डायोड, मध्ये जवळपास काही नाही. उत्पादकाने कंजूषी केली म्हणून नव्हे. समजा त्या लाइनवर संरक्षणासाठी फक्त १ पिकोफॅरडचा डायोड आडवा टाकला. स्रोताचे ५० ओहम आणि टर्मिनेशनचे (लाइनच्या टोकाला जोडलेल्या रोधकाचे) ५० ओहम समांतर, म्हणजे २५ ओहम. २५ ओहम गुणिले १ पिकोफॅरड बरोबर २५ पिकोसेकंद, आणि बँडविड्थ येऊन थांबते ६.४ गिगाहर्ट्झवर. ५० गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलचे तिथेच बारा वाजले. तेव्हा संरक्षण बाहेर ठेवावं लागतं: मनगटपट्ट्यात (अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणाऱ्या पट्ट्यात), ॲटेन्युएटरमध्ये आणि जोडणीच्या क्रमात.

अशा मॉड्यूलची मोजण्याची रेंज साधारण १ व्होल्ट पीक-टू-पीक असते, आणि नुकसान न होता सोसण्याची मर्यादा बहुधा २ ते ३ व्होल्ट. नेमका आकडा मॉड्यूलगणिक बदलतो आणि बऱ्याचदा कनेक्टरशेजारीच छापलेला असतो. आता नेहमीच्या ५ व्होल्टच्या लॉजिकचा विचार करा. डीएसओच्या दृष्टीने तो किरकोळ सिग्नल, इथे तो मर्यादा ओलांडतो. आधी २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावला की व्होल्टेज दहावा हिस्सा होतो. सिग्नलचा अंदाज नसेल तर आधी डीएसओवर पाहून घ्यावा, मग मोठ्या ॲटेन्युएटरपासून सुरुवात करून खाली यावं. पडद्यावरची रेघ सपाट दिसते म्हणून ॲटेन्युएटर काढण्याची घाई तेवढी नको, कारण खराब सॅम्पलरची रेघही सपाटच दिसते.

डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवायला डीसी ब्लॉक (वाटेत एक कपॅसिटर) लावतात, त्यातही एक खोच आहे. कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो, बदल अडवत नाही. १२ व्होल्ट चालू असलेल्या लाइनवर डीसी ब्लॉक टेकवला की त्या क्षणी पूर्ण १२ व्होल्टची उडी पलीकडे जाते आणि मग ओसरते. मॉड्यूलला तो क्षण पुरतो. म्हणून सर्किट बंद असताना जोडायचं, आणि व्होल्टेज हळूहळू चढवायचा.

स्थिर विजेचं प्रकरण

अंगावरच्या स्थिर विजेची चुणूक माणसाला जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. त्याखालचं सगळं आपल्याला कळत नाही, सॅम्पलरला मात्र कळतं. डीएसओच्या बीएनसी कनेक्टरला आपण दिवसभर उघड्या हाताने हात लावतो. इथे आधी मनगटपट्टा, आणि तो यंत्रावरच्या ग्राउंडच्या सॉकेटला जोडलेला. पट्ट्यात १ मेगाओहमचा रोधक असतो, तो माणसाच्या जिवासाठी. पण उच्च व्होल्टेजच्या उघड्या सर्किटपाशी काम करताना पट्टा काढून ठेवायचा. तिथे अंग जमिनीशी जोडलेलं असणं हाच धोका.

माणसापेक्षा जास्त मॉड्यूल केबल मारतात, असं माझं मत आहे. ५० ओहमच्या साध्या कोॲक्स केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतं, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी असलेली केबल हा एक कपॅसिटरच. टेबलावरून घासत आणली, गुंडाळी सोडली, की तिच्यात चार्ज बसतो. माणसाच्या अंगाचं जे प्रमाण मॉडेल धरतात, त्यात १०० पिकोफॅरडला १,५०० ओहम जोडलेले असतात; केबलच्या चार्जला मात्र मधला रोधक नसतो. त्यामुळे केबल मॉड्यूलला लावण्याआधी तिच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेटर क्षणभर जोडून ती रिकामी करायची. हे दर वेळी करायचं, केबल आत्ताच काढली होती तरीही.

टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री) करताना तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे मॉड्यूल स्वतः २५० मिलिव्होल्टची पायरी पाठवतं आणि परत आलेला पडसाद मोजतं. समोरचा बोर्ड कोरा, वीज नसलेला, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण मोकळ्या ट्रेसवर आणि लांब केबलवर चार्ज असू शकतो. बोर्ड आधी ग्राउंड करायचा, मगच टेकवायचा. हे इतक्या वेळा बिघडतं की टेक्ट्रॉनिक्सने याच कामासाठी ८०ए०२ नावाचं वेगळं संरक्षण मॉड्यूल काढलं. ते प्रोब टेकेपर्यंत सॅम्पलरचं इनपुट जमिनीला जोडून ठेवतं. आणि वीज चालू असलेल्या बोर्डावर टीडीआर अजिबात नाही.

बसवताना

डीएसओमध्ये बसवण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे याचीही सवय नसते. टेक्ट्रॉनिक्सच्या ८००० कुळातल्या यंत्रांत मॉड्यूल घालताना किंवा काढताना यंत्र बंद असलंच पाहिजे, यात तडजोड नाही. दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर तिचं मॅन्युअल प्रमाण. पट्टा घालून, इनपुटवर टर्मिनेटर तसेच ठेवून, मॉड्यूल कप्प्यात सरळ सरकवायचं. ते सहज जात नसेल तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा सरळ धरायचं. मग पकडस्क्रू आवळायचे. काढताना आधी स्क्रू सैल करायचे, मग इजेक्टरने बाहेर घ्यायचं; कनेक्टरला किंवा लागलेल्या केबलला धरून ओढायचं नाही. मोठ्या कप्प्यात, म्हणजे सहसा ऑप्टिकल मॉड्यूलसाठीच्या, काही बसवलं की त्याच्या वाट्याचे लहान कप्प्यातले चॅनेल मिळत नाहीत. रिकाम्या कप्प्यांवर झाकणं हवीत.

बसवल्यावर लगेच मोजायला बसू नका. यंत्र किमान २० मिनिटं तापू द्या आणि कॉम्पेन्सेशन (यंत्राची स्वतःची चूक दुरुस्त करणारी प्रक्रिया) चालवा. हे कॉम्पेन्सेशन त्या मॉड्यूलचं आणि त्या कप्प्याचं जोडीने असतं, त्यामुळे मॉड्यूल शेजारच्या कप्प्यात हलवलं तरी पुन्हा करावं लागतं.

कनेक्टरबद्दल थोडक्यात. एसएमए, ३.५ मिमी आणि २.९२ मिमी एकमेकांत बसतात, २.४ मिमी आणि १.८५ मिमी एकमेकांत बसतात. या दोन गटांत सरमिसळ केली की कनेक्टर तुटतो. फिरवायची ती फक्त बाहेरची नट. केबल फिरवली तर मधली पिन घासली जाते. टॉर्क पाना वापरा, ३.५, २.९२ आणि २.४ मिमीसाठी साधारण ०.९ न्यूटन-मीटर. पहिल्या दिवशीच एक कनेक्टर सेव्हर लावून टाकावा, म्हणजे रोजची झीज त्याची होईल.

ट्रिगर, आणि दोघे कुठे फसवतात

डीएसओ मोजायच्या सिग्नलवरच ट्रिगर होतो. सॅम्पलिंग मॉड्यूलच्या चॅनेलमधून तसा ट्रिगर सहसा मिळत नाही, तो वेगळ्या इनपुटला द्यावा लागतो. सिग्नलसोबत क्लॉक असेल तर उत्तम, नसेल तर क्लॉक रिकव्हरी, म्हणजे सिग्नलमधूनच क्लॉक काढणं. सिग्नलच दुभागून अर्धा ट्रिगरला दिला तर रोधकांच्या डिव्हायडरमध्ये ६ डेसिबल जातात. शिवाय ट्रिगर आल्यावर पहिला नमुना घ्यायला अशा यंत्राला २० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे ट्रिगरच्या आधीचं काही दिसत नाही. ज्या कडेवर ट्रिगर झाला तीच पाहायची असेल तर सिग्नलच्या वाटेत सुमारे ४ मीटर कोॲक्स घालून त्याला उशीर करावा लागतो, आणि तेवढी केबल वरच्या फ्रिक्वेन्सी खाते.

डीएसओ फसवतो तो देखणी, पण खोटी लहर दाखवून. मेमरी १ कोटी नमुन्यांची आणि पडदा १ सेकंदाचा असेल, तर नमुने सेकंदाला १ कोटीच पडतात, मग १०.००१ मेगाहर्ट्झचा सिग्नल १ किलोहर्ट्झची स्वच्छ साइन लहर म्हणून समोर येतो. सॅम्पलिंग स्कोपवर ट्रिगर चुकला तर ठिपके विखुरतात आणि गडबड लगेच कळते. तो फसवतो गप्प राहून. कोट्यवधी बिटांत एकदा येणारा ग्लिच (क्षणिक बिघाड) त्याच्या ठिपक्यांच्या मधून निसटतो. तेव्हा पॉवर सप्लाय चालू होतानाचा झटका, रीसेटचा गोंधळ, क्वचित येणारी चूक हे सगळं डीएसओचं काम. आय डायग्राम (अनेक बिटांच्या लहरी एकावर एक रचलेलं चित्र), पिकोसेकंदांतला राइज टाइम, कनेक्टरपाशी इम्पीडन्स किती बिघडला हे पाहणं, ही कामं सॅम्पलिंग मॉड्यूलची, आणि तिथे ते कमी नॉइज आणि कमी जिटरमुळे (वेळेतल्या थरथरीमुळे) महागड्या रिअल-टाइम स्कोपलाही सहसा मागे टाकतं.

मोजून झाल्यावर आधी सिग्नलचा स्रोत बंद, मग केबल मोकळी, आणि त्याच हाताने इनपुटवर ५० ओहमचं टर्मिनेटर. कपाटात ठेवायचं मॉड्यूलही टर्मिनेटर लावूनच अँटिस्टॅटिक पिशवीत जातं.