शीर, नस आणि बरगडी

पानाच्या रेषांना ‘शिरा’ म्हणताना आपण अंगातला शब्द झाडाला देतो. मधली ती मध्यशीर, सगळी मांडणी म्हणजे शिराविन्यास. कीटकाच्या पंखालाही हेच शब्द चालतात. युरोपातही शब्द शरीरातूनच आले, पण तिथे शीर (‘व्हेन’) की नस (‘नर्व्ह’) हा घोळ बराच काळ टिकला.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली पानांच्या वर्णनात दोन्ही शब्द ठेवले. देठापासून टोकापर्यंत फाटे न फुटता जाते ती ‘नर्व्ह’. फाटे फुटून जाळं होतं ती ‘व्हेन’. मग १७५८ मध्ये जाळीदार पंखांच्या कीटकांना त्याने ‘न्यूरोप्टेरा’ नाव दिलं, तेव्हा चतुरही त्यातच होते. या नावात मज्जातंतू शोधायला जाऊ नये. ग्रीक ‘न्यूरॉन’चा जुना अर्थ स्नायूचा दोर, धनुष्याची दोरी.

पानांच्या शिरांची नावं बारकाईने लावली ती ऑस्ट्रियाचा जीवाश्म-वनस्पतींचा अभ्यासक एटिंग्सहाउझेनने, १८६१ साली. जीवाश्मांत बहुधा फुलं सापडत नाहीत, पानंच सापडतात, त्यामुळे शिरांवरूनच झाड ओळखणं भाग होतं. त्यासाठी त्याने व्हिएन्नातली निसर्गमुद्रणाची पद्धत वापरली: खरं पान मऊ शिशाच्या पत्र्यावर दाबायचं आणि उमटलेल्या ठशावरून छापायचं. त्याचे शब्द मला फार आवडतात, कारण त्यांत शीर धावते. ‘क्रास्पेडोड्रोमस’ म्हणजे थेट काठापर्यंत धावणारी. ‘ब्रोकिडोड्रोमस’ म्हणजे फास टाकत धावणारी. असं एखादं पान उजेडासमोर धरा: बाजूची शीर काठाजवळ येते, वर वळते आणि वरच्या शिरेला जाऊन मिळते. फासच तो.

पंखांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. कीटकांच्या प्रत्येक गणाचे, म्हणजे मोठ्या गटाचे, अभ्यासक आपापली नावं वापरत, त्यामुळे एकाच शिरेला माशीत एक नाव, फुलपाखरात दुसरं. कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये कोवळ्या, न उमललेल्या पंखातल्या श्वासनलिकांचा माग काढला आणि सगळ्या कीटकांसाठी एकच नामावली मांडली. कॉस्टा म्हणजे बरगडी, रेडियस हे हाताच्या हाडाचं नाव, क्युबिटस म्हणजे कोपर. पंखाची शीर रक्त वाहते, हवेची नळी आणि अनेकदा मज्जातंतूही सांभाळते, शिवाय पंख ताठ धरते. त्यामुळे हाडांची नावं तिला शोभतात. श्वासनलिकांचा माग दर वेळी खरा ठरत नाही हे पुढे कळलं, काही शिरांची ओळख बदलली. नावं मात्र तीच चालू आहेत.